सम्राट मासा आणि काचेची पेटी

उज्जयिनी आणि समुद्र ही दोन नावे कोणी एका वाक्यात उच्चारली, तर ऐकणाऱ्यास थोडे नवल वाटेल. शिप्रेच्या काठी वसलेल्या या नगरीपासून समुद्राचा सर्वांत जवळचा किनाराही तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. असे असता आज माळव्यातील एखाद्या दिवाणखान्यात काचेची पेटी असते, तीत खारे पाणी असते, आणि त्या खाऱ्या पाण्यात निळ्यापिवळ्या पट्ट्यांचा एक डौलदार मासा संथपणे फिरत असतो. पाहुणे कौतुकाने त्याचे नाव विचारतात आणि यजमान सांगतो, "हा एंजल, सम्राट एंजल." माणसाला हा मासा पाहण्याची दृष्टी केव्हा आली, त्याने तो काचेत कसा आणला आणि त्या काचेने आपल्याला काय शिकविले, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात ज्याला सर्रास एंजल म्हणतात, तो लांब पंखांचा, त्रिकोणी आकाराचा मासा गोड्या पाण्यातला होय. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीचे खोरे. आपला आजचा विषय असलेला एंजल खाऱ्या पाण्यातला असून प्रवाळांच्या खडकांत राहतो. दोघांचे नाव एक, परंतु कुळ वेगळे. समुद्री एंजलांच्या सुमारे नव्वद जाती आज ज्ञात आहेत. फुलपाखरी माशांशी त्यांचे इतके साम्य आहे की, जुने शास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळात घालीत असत. त्यांच्यातील भेद ओळखण्याची खूण मात्र अगदी सोपी आहे. एंजल माशाच्या कल्ल्यावरील झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात एक भक्कम काटा असतो. फुलपाखरी माशास तो नसतो. त्याचे 'पोमॅकँथस' हे शास्त्रीय नावही 'झाकणावर काटा असलेला' याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून बनले आहे.

या कुळातील सर्वांत देखणा मासा म्हणजे सम्राट एंजल. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत त्याचा संचार असून आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान आणि निकोबार येथील प्रवाळांत तो आढळतो. पूर्ण वाढ झाली की तो सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब होतो. निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघा, पिवळे शेपूट आणि डोळ्यांवर निळ्या कडेचा काळा बुरखा, असा त्याचा थाट असतो. त्याचा भाऊबंद असलेला वलयांकित एंजल तर आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो. त्याच्या तपकिरी-सोनेरी अंगावर निळ्या कमानी रेखलेल्या असतात आणि मानेजवळ एक निळे कडे काढलेले असते.

या माशाच्या शरीराची घडण त्याच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तो दोन्ही बाजूंनी चपटा असतो. बाजूने पाहिले तर रंगविलेली एक मोठी तबकडी दिसते. पण वरून पाहिले तर पाण्यात फिरणारी एक काळसर रेघ, याहून अधिक काही दिसत नाही. तळ्याच्या काठी उभे राहून त्याचे सौंदर्य कळणे शक्यच नव्हते. आणि काचेचा शोध उपयोगात येईपर्यंत माणसाने मासे पाहिले ते बहुधा वरूनच.

मासे पाहण्याची हौस मात्र आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा एक उत्तम पुरावा उज्जयिनीतच सापडतो. या नगरीच्या प्राचीन तांब्याच्या नाण्यांवर नागमोडी नदी आणि तीत पोहणारे मासे कोरलेले आढळतात. काही नाण्यांवर तर एक चौकट असून तिच्या आत मासे दाखविले आहेत. नाणकशास्त्राचे अभ्यासक त्यास मत्स्यकुंड म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने मासा बाजूने पाहिलेला दाखविला आहे, वरून पाहिलेला नव्हे. जे डोळ्यांस सहसा दिसत नाही ते त्याने मनाने पाहिले आणि बोटाच्या पेराएवढ्या तांब्यावर उमटविले. काचेची पेटी पुढे जे करणार होती, त्याची कल्पना त्याने आधीच केली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

समुद्रही त्या काळी उज्जयिनीस अगदीच परका नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात 'ओझेनी' या नावाने तिचा उल्लेख येतो. तेथील अकीकाचे खडे आणि मलमल ही भडोचच्या बंदरात उतरत आणि तेथून पश्चिमेकडे जात, असे तो लिहितो. माळव्याचे धन समुद्राकडे जात होते. समुद्राचे जिवंत धन माळव्यात येण्यास मात्र पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे जावी लागली.

त्याहीपूर्वी या नगरीत एक राजपुत्र प्रांताधिकारी म्हणून राहून गेला होता. त्याचे नाव अशोक. पुढे सम्राट झाल्यावर, राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने जो पाचवा स्तंभलेख कोरविला, तो प्राण्यांच्या संरक्षणासंबंधी आहे. ज्यांना मारावयाचे नाही अशा प्राण्यांची एक यादीच तो देतो आणि तिच्यात काही जातींचे मासेही आहेत. शिवाय चातुर्मासाच्या पौर्णिमांना व इतर ठराविक तिथींना मासे मारू नयेत, इतकेच नव्हे तर विकूही नयेत, असा त्याचा आदेश आहे. मारणाऱ्याइतकाच विकणाराही जबाबदार आहे, हे तत्त्व त्या लेखात सूचित होते. त्याच लेखात आणखी एक मोठा विचार आहे. जे चतुष्पाद प्राणी उपयोगाचे नाहीत आणि खाण्यातही येत नाहीत, त्यांनाही तो अभय देतो. निरुपयोगी जीवासही जगण्याचा अधिकार आहे, हे राजाज्ञेच्या भाषेत सांगणारा हा जगातील अत्यंत जुना लेख होय. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण शेवटी तिच्याकडेच परत यावयाचे आहे.

मध्ययुगात दक्षिणेकडे कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्याचा काळ इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने मत्स्यविनोदासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले असून नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, खवले असलेले कोणते, नसलेले कोणते, कोणास कसले आमिष लागते, हे बारकाईने सांगितले आहे. निरीक्षण उत्तम आहे. पण ते गळ टाकणाऱ्याचे आहे. मासा पाण्याबाहेर आला की विनोद संपतो.

मोगल काळात ही दृष्टी किंचित पालटली. काश्मीरमधील एका बागेतील तलावात माणसाळलेले मासे होते, हाक मारली वा भाकरीचा तुकडा टाकला की ते जवळ येत, आणि त्यांतील मोठ्यांच्या कल्ल्यांत नूरजहानने सोन्याची कडी घातली होती असे लोक सांगत, अशी हकीकत बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेविली आहे. उज्जयिनीजवळचा कालियादेह महाल हे याच जलवेडाचे स्मारक आहे. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याने शिप्रेचे पाणी कुंडाकुंडांतून खेळविले. अकबर आणि जहांगीर तेथे येऊन गेल्याचे फारसी शिलालेख सांगतात. पुढे १९२० साली माधवराव शिंदे यांनी त्या वास्तूचा जीर्णोद्धार केला. अशा कुंडांच्या काठी बसून माणूस पाण्यात पाही. पण पाहणे वरून होते. कल्ल्यात सोन्याची कडी घालण्याची गरजच मुळी यामुळे पडली की, वरून पाहताना मासा स्वतः पुरेसा दिसत नव्हता!

इकडे युरोपात या रंगीत माशांची ओळख प्रथम झाली ती चित्रांतून. १७१९ च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लुई रेनार याने पूर्वेकडील बेटांभोवतालच्या माशांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या सॅम्युएल फालूर याने अंबोयना बेटावर काढलेली चित्रे त्यात होती. एंजल माशांचे रंग इतके भडक होते की, वाचकांस ते खरे वाटेनात. त्याच ग्रंथात एका मत्स्यकन्येचेही चित्र असल्यामुळे त्यांच्या शंकेस बळकटीच आली. गंमत अशी की, मत्स्यकन्या खोटी ठरली आणि एंजल खरा निघाला.

त्याला शास्त्रीय नाव दिले ते बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी, १७८७ साली. वैद्यकी करून उरलेल्या वेळात या गृहस्थांनी माशांचा एक प्रचंड संग्रह केला होता. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डेन्मार्कच्या मिशनमध्ये जॉन नावाचे एक धर्मोपदेशक होते. ते आपल्याकडील मासे त्यांना पाठवीत असत. ब्लॉख यांनी या माशास 'इंपरेटर', म्हणजे सम्राट, असे नाव दिले. आपल्या वलयांकित एंजलाचे नामकरणही त्यांनीच त्याच वर्षी केले. १७९९ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा अपुरा राहिलेला मोठा ग्रंथ श्नायडर या विद्वानांनी पुरा करून १८०१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात आणखी एका सुंदर एंजलाची नोंद आहे. त्याचे अंग गर्द निळे, आणि त्यावर एकात एक अशी पांढरी वर्तुळे, जणू पाण्यात खडा टाकल्यावर उठलेल्या लाटा. निकोबार बेटांवरून त्यास 'निकोबारेन्सिस' असे नाव देण्यात आले.

हा निकोबारी मासा म्हणजे सम्राटाचेच पोर होते! लहानपणी त्याच्या अंगावर वर्तुळे असतात. वाढत असताना ती मोडतात, पांढरा रंग पिवळा होतो, वळणे सरळ होतात आणि शेवटी पट्ट्यांचा राजवेष अंगावर चढतो. बाप आणि लेक यांना शास्त्राने दोन निराळ्या जाती मानून निराळी नावे दिली. यात ब्लॉख वा श्नायडर यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे होते ते मद्यार्कातले किंवा वाळविलेले मासे आणि दुसऱ्याने काढलेली चित्रे. मेलेला मासा वाढत नाही. त्यामुळे तो कोणाचा कोण होणार, हे त्याच्यावरून कळत नाही. हे कोडे सुटण्यासाठी तोच मासा जिवंत आणि बाजूने पाहत राहणे आवश्यक होते. त्यासाठी हवी होती काच.

ती काच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात आली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले की, पेटीत पाणवनस्पती असल्या तर पाणी वरचेवर न बदलताही मासे जगतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाची खटपट होती. समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण पाहून कृत्रिम खारे पाणी तयार करण्याची कृतीही त्याने १८५४ मध्ये दिली. ही घटना समुद्रापासून दूर राहणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोठी आहे. उज्जयिनीतील आजच्या काचपेटीचा पाया खरोखर त्या कृतीत घातला गेला.

भारतात ही काच प्रथम मद्रासला आली. तेथील संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या कल्पनेतून समुद्रकिनाऱ्यावर मत्स्यालय उभे राहिले आणि १९०९ साली ते लोकांस खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. त्यानंतर मुंबईने तो वसा घेतला. एका पारशी कुटुंबाच्या देणगीच्या साहाय्याने मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय बांधले गेले आणि १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. समोरच्याच समुद्राचे पाणी पेट्यांत खेळविलेले होते. अनेक मराठी कुटुंबांनी समुद्राच्या आतला समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेथेच. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण होऊन काचेचा बोगदाही बांधला गेला. पुढे महासाथीच्या काळात त्याची दारे मिटली.

काचेपलीकडे जिवंत मासा फिरू लागताच त्याची रहस्ये एकेक करून उलगडू लागली. वर्तुळांचे पट्टे होताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. पण दोन वेष कशासाठी, हा प्रश्न उरलाच. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराट लोरेन्त्स यांनी काचपेटीतील आणि फ्लोरिडाच्या प्रवाळांतील मासे पाहून १९६३ साली एक विचार मांडला. प्रवाळांतील या माशांचे भडक रंग शोभेसाठी नसून ती एक पाटी आहे: 'ही जागा माझी, माझ्या जातीच्या दुसऱ्याने येथे येऊ नये.' सम्राट एंजल आपल्या हद्दीत दुसऱ्या सम्राटास खपवून घेत नाही. त्याला डिवचले तर तो पाण्यात ठोके दिल्यासारखा आवाजही काढतो. मग त्याच हद्दीत लहानग्याने जगावे कसे? त्याचा वेष निराळा असल्यामुळे मोठ्यास तो प्रतिस्पर्धी वाटत नाही, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे ज्या वेषाने शास्त्रज्ञांस चकविले, तोच वेष मुळात वडीलधाऱ्यांस चकविण्यासाठी होता. या कुळातील काही जातींत तर एका नराभोवती माद्यांचा कबिला असतो आणि नर नाहीसा झाला की मोठी मादीच नर होऊन त्याची गादी चालविते.

एवढे ज्ञान काचेने दिले. पण श्रोतेहो, काचेने घेतले किती, याचाही हिशेब मांडावयास हवा. तो हिशेब प्रथम मांडला गॉस याच्याच मुलाने. एडमंड गॉस याने १९०७ मध्ये आपल्या वडिलांच्या आठवणी लिहिल्या. वडिलांचे ग्रंथ वाचून हजारो हौशी लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोटले, खडकांतील डबकी त्यांनी उपसून रिकामी केली, आणि लहानपणी पाहिलेले ते सौंदर्य कायमचे उद्ध्वस्त झाले, असे त्याने खेदाने नमूद केले आहे. ज्याने सौंदर्य दाखविले त्याच्याच दाखविण्याने ते लयास गेले, आणि याचे दुःख त्या पित्यासही झाले.

एंजल माशाच्या बाबतीत हीच कथा अधिक कठोर रूपात घडली. विसाव्या शतकाच्या साठाव्या दशकापासून फिलिपाइन्समध्ये घरगुती मत्स्यपेट्यांसाठी मासे पकडताना सायनाइडचा वापर सुरू झाला. पाणबुड्या बाटलीतून ते विष प्रवाळाच्या कपारीत सोडतो. मासा गुंगतो आणि हाती लागतो. प्रवाळ जागीच मरते. गुंगीतून सावरलेले कित्येक मासे काही दिवसांनी, दूरच्या कोणाच्या तरी घरी, कारण न कळता मरतात. घरमालकास वाटते, आपलेच पाणी बिघडले.

जो मासा वाचून माळव्यापर्यंत येतो, त्याची परीक्षाही सोपी नसते. पाणी शुद्ध करून त्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात समुद्री क्षार मिसळावे लागतात. माशाच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू पेटीत रुजण्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागते. उतावळेपणाने घातलेला मासा आपल्याच घाणीने मरतो. वैशाखात माळव्याचा पारा चाळिसाच्या वर गेला की प्रवाळातल्या माशासाठी पाणी थंड ठेवण्याचे यंत्र लागते, आणि वीज गेली की तेही थांबते. शिवाय हा मासा मुख्यतः स्पंज आणि तत्सम खडकांस चिकटलेले जीव कुरतडून खाणारा. कोरड्या खाद्याच्या डबीवर त्याचे भागत नाही. आणि चाळीस सेंटिमीटरांचा हा हद्दबाज राजा दिवाणखान्यातील लहान पेटीत म्हणजे कैदेतला राजाच होय.

प्रवाळांचे दिवसही आता बरे नाहीत. पाणी तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली. भारतात २००१ पासून प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. शोभेच्या माशांच्या विक्रीवर निर्बंध घालणारे नियम केंद्र शासनाने २०१७ मध्ये केले होते. पुढे ते मागे घेण्यात आले. म्हणून प्रश्न कायद्यापेक्षा आपल्या विवेकाचा अधिक आहे.

यास उपाय नाही असे नाही. मुंबईच्या मत्स्यखात्यातील डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे उदाहरण येथे आठवते. १९४० मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतील एक चिमुकला, पारदर्शक मासा शास्त्रास नव्याने दाखविला आणि मत्स्यशास्त्रज्ञ होरा व सेटना यांच्या नावांवरून त्याचे नाव 'होराइक्थिस सेटनाय' असे ठेविले. पुढे लोणावळ्यास महसीर माशाची कृत्रिम पैदास करून नद्यांतून नाहीशा होऊ लागलेल्या त्या माशास त्यांनी नवा आधार दिला. हाच महसीर २०११ पासून मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य आहे. पाहणे, ओळखणे आणि मग वाढविणे, हा खरा क्रम होय. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशाची पैदास आपल्याकडे साधली आहे. ज्यास समुद्री पेटीचीच हौस असेल, त्याने असा पेटीतच जन्मलेला मासा पाळावा. एंजलाची पैदास फार अवघड, कारण त्याची सूक्ष्म पिले कित्येक आठवडे उघड्या समुद्रात तरंगत वाढतात. गेल्या दोन-अडीच दशकांत परदेशी काही जातींबाबत ती साधली आहे. तरी बाजारात येणारे बहुतेक सम्राट अद्याप प्रवाळांतूनच उचललेले असतात. विकत घेणाऱ्याने तो कोठून आला, एवढे तरी विचारावे.

आणि पाहण्याचीच ओढ असेल, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांकडे जावे. मालवणचा तो प्रदेश १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डोळ्यांस काच लावून पाण्यात डोके बुडविले की वलयांकित एंजल त्याच्या स्वतःच्या राज्यात दिसू शकतो. तेथे काच असते ती आपल्या डोळ्यांवर, त्याच्याभोवती नव्हे.

अशोकाच्या त्या लेखाकडे आता वळू. उपयोगी नाही आणि खाण्यातही येत नाही, अशा प्राण्यालाही त्याने अभय दिले. एंजल मासा आपल्या पोटाच्या कामी येत नाही; त्याचा उपयोग केवळ आपल्या डोळ्यांस आहे. परंतु डोळ्यांची भूक पोटाच्या भुकेहून कमी मारक नसते, हे गेल्या पाऊणशे वर्षांनी दाखविले. आणि विक्रीवरही बंदी घालणाऱ्या त्या राजाने हे जणू ओळखलेच होते. ज्या नगरीत तो कधी काळी राहिला, तेथील नाणेकाराने मासे चौकटीत बसविले ते तांब्यावर; खरे मासे त्याने शिप्रेतच राहू दिले.